कॉम्प्रेसर बदलला म्हणजे एसी दुरुस्त झाला असं नाही

बारामती, भिगवण, इंदापूर या पट्ट्यात गाडीचा एसी बंद पडला आणि कॉम्प्रेसर जाम झाल्याचं निघालं, की गॅरेजात एक ठरलेला निवाडा ऐकायला मिळतो : कॉम्प्रेसर बदलू, व्हॅक्यूम मारू, गॅस भरू, संध्याकाळी गाडी घेऊन जा. मालकालाही हेच ऐकायचं असतं. उन्हाळा डोक्यावर असतो, लग्नाचं भाडं ठरलेलं असतं, गाडी उभी ठेवून चालत नाही. त्यामुळे या निवाड्याला कुणी हटकत नाही. मला तो हटकायचा आहे, कारण तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत दरवर्षी याच भागातले टुरिस्ट गाडीवाले, पिकअपवाले आणि घरगुती गाड्यांचे मालक मोजत आहेत.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं नीट मांडतो. कॉम्प्रेसर हा सुटा भाग आहे, तो गेला तर तोच बदलावा. आत थोडाफार कचरा झाला असेल तर तो फ्लशिंगने निघतो. उरलंसुरलं व्हॅक्यूम पंप ओढून घेतो. कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह उघडत बसलं तर खर्च वाढतो आणि भाड्यावर पोट असलेल्या माणसाला तो झेपत नाही. असं म्हणणारे मिस्त्री लबाड असतात असं मी मानत नाही. त्यांच्यातले कितीतरी जण कष्टाळू आहेत, त्यांच्या हातात कसब आहे, आणि गिऱ्हाइकाचा खिसा वाचावा असंच त्यांना मनापासून वाटतं. म्हणूनच त्यांच्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा, कॉम्प्रेसर सुटा भाग आहे हा. तो बोल्ट सोडून वेगळा काढता येतो एवढ्यापुरतंच हे खरं आहे. काम मात्र तो एका बंद चक्रात करतो. कॉम्प्रेसरमधून गरम गॅस कंडेन्सरमध्ये जातो, तिथे थंड होऊन द्रव होतो, ड्रायरमधून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी येतो, व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, उष्णता उचलतो आणि मोठ्या पाइपातून परत कॉम्प्रेसरला मिळतो. या गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही त्याच वाटेने फिरत असतं. लहान गाडीत ते सगळं मिळून शंभर-दीडशे मिलीलिटरच्या आसपास असतं आणि तेवढ्यावरच आतल्या पिस्टनचं वंगण चालतं. तेल कमी पडलं किंवा जळलं, की ॲल्युमिनियमचा पिस्टन ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर कोरडा घासतो. त्यावरचा टेफ्लॉनचा थर उडतो, धातूचा चुरा निघतो, तो जळक्या तेलात कालवला जातो. कॉम्प्रेसर जाम होईपर्यंत हा काळा-चंदेरी लगदा गॅसबरोबर पुढे ढकलला जात असतो. म्हणजे कॉम्प्रेसर मरताना आपला चुरा साऱ्या सिस्टिममध्ये वाटून जातो. मेलेला कॉम्प्रेसर काढून टाकला तरी तो चुरा आतच राहतो. नवा कॉम्प्रेसर सुरू झाला की गॅसच्या धक्क्याने तो सुटतो, व्हॉल्व्हचं भोक बुजवतो, नाहीतर चक्कर पूर्ण करून नव्या कॉम्प्रेसरच्याच पोटात जातो. चैत्रात बसवलेला कॉम्प्रेसर दसऱ्याला पुन्हा ओरडू लागतो, तेव्हा दोष नव्या पार्टला दिला जातो. ‘माल डुप्लिकेट होता’ हे वाक्य किती वेळा खरं असतं आणि किती वेळा जुन्याच कचऱ्याने नवा माल मारलेला असतो, हे कुणी उघडून पाहत नाही.

याच्याही आधीचा प्रश्न, पहिला कॉम्प्रेसर मेला कशाने? तो विचारलाच जात नाही. या पट्ट्यात त्याची उत्तरं शोधायला लांब जावं लागत नाही. सुप्या-मोरगावकडची फुफाट्याची धूळ, कच्च्या रस्त्यांचा मुरूम, पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्गाच्या रुंदीकरणात उडालेली माती, गाळप हंगामात उसाच्या गाड्यांमागून उडणारं पाचट, फड पेटवल्यावरची काजळी : हे सगळं गाडीच्या नाकापाशी असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत बसतं. वारा आरपार जात नाही, मग गॅसची उष्णता बाहेर पडत नाही. आर-134ए गॅस 60 अंशांना द्रव होत असेल तर हाय साइडचा दाब सुमारे 230 पीएसआय असतो. जाळी बुजली किंवा पंखा हळू झाला आणि तेच तापमान 75 वर गेलं, तर दाब 325 च्या पुढे जातो. मे महिन्यात पारा 40 च्या वर असताना गाडी इंदापूरच्या चौकात उभ्याउभ्या एसी चालवत असेल, तर कॉम्प्रेसरला हा वाढलेला भार तासन्‌तास ओढावा लागतो.

दुसरं कारण दरवर्षीच्या ‘गॅस टॉप-अप’चं. गॅस आपोआप संपत नाही, तो कुठूनतरी गळतो. गळताना बरोबर तेलही नेतो. गळती न शोधता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरत राहिलं, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी सिस्टिममध्ये गॅस पुरेसा आणि तेल अपुरं अशी अवस्था होते. तिसरं कारण दमटपणा. या सिस्टिममधलं पीएजी तेल हवेतलं पाणी झपाट्याने शोषतं. पाइप उघडे टाकून गाडी दोन दिवस उभी राहिली, की तेल पाणी धरतं, पुढे आम्ल तयार होतं आणि धातू खायला लागतं. यातलं एकही कारण नवा कॉम्प्रेसर बसवून जात नाही. आजार रेड्याला आणि औषध पखालीला असा हा प्रकार आहे.

इथे विरुद्ध टोकाच्या मंडळींनाही उत्तर द्यायला हवं. काही ठिकाणी कॉम्प्रेसर गेला म्हटलं की कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल, सगळे पाइप अशी लांबलचक यादी गिऱ्हाइकाच्या हातात पडते आणि वर डॅशबोर्ड उतरवायची मजुरी. हेही न तपासता केलेलंच काम आहे. कॉम्प्रेसर ‘गेला’ म्हणजे दरवेळी आतून फुटला असं नसतं. क्लचची कॉइल जळते, पुलीचं बेअरिंग वाजतं, पुढच्या शाफ्ट सीलमधून गॅस गळतो. या तिन्हींत पोटात चुरा झालेला असेलच असं नाही. तिथे सगळी सिस्टिम बदलायला लावणं म्हणजे मालकाची सरळ लूट आहे. काहीच न उघडणारा आणि सगळंच बदलणारा हे दोघेही एकच गोष्ट टाळतात, ती म्हणजे पाहणी. आणि माझा सगळा आग्रह पाहणीचाच आहे.

ही पाहणी अवघड नाही. गॅस शिल्लक असेल तर सकाळी, इंजिन थंड असताना, गेज लावावा. आर-134ए शुद्ध असेल तर त्याचा दाब केवळ तापमानावर ठरतो : 30 अंशांना 97 पीएसआयच्या आसपास, 35 अंशांना 114. काटा त्याच्या बराच वर असेल तर आत हवा आहे किंवा दुसराच गॅस आहे. मग गॅस रिकव्हरी मशिनमध्ये ओढून घ्यावा आणि कॉम्प्रेसर उतरवावा. त्याचं तेल पांढऱ्या कापडावर ओतावं आणि उन्हात धरावं. तेल पिवळसर-स्वच्छ किंवा गळती शोधायच्या डायमुळे हिरवट असेल तर आत मोठा बिघाड नाही. ते काळं पडलं असेल, वास जळका असेल, पण बोटांत चोळल्यावर गुळगुळीत लागत असेल, तर तेल तापून जळलं आहे. बोटांना खरखर लागली, कापडाच्या सुरकुत्यांत चांदीसारखी चमक उतरली, तर धातू सुटला आहे.

पुढे कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरला जाणारा पाइप सोडावा आणि कंडेन्सरच्या तोंडात कापडाची वात फिरवावी, कारण चुऱ्याचा पहिला मुक्काम तिथे असतो. मग ड्रायर. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तो कंडेन्सरच्या कडेला नळीसारखा जोडलेला असतो आणि खालचं झाकण उघडलं की आतली पिशवी बाहेर येते. ती कापून ताटलीत पसरावी. मणी पांढरे-तपकिरी आणि कोरडे असतील तर ठीक. ते काळ्या चिखलात लडबडलेले असतील, किंवा पिशवी फाटून मणी सिस्टिममध्ये पळाले असतील, तर पुढच्या कामाचा अंदाज तिथेच येतो. शेवटी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. अनेक गाड्यांत तो बॉनेटच्या बाजूने, फायरवॉलपाशीच, बोल्ट काढून हाती येतो. त्याच्या द्रव शिरणाऱ्या तोंडावर बॅटरीचा झोत टाकला की सगळा निकाल लागतो. तोंड स्वच्छ असेल तर चुरा तिथवर पोचलेला नाही, कूलिंग कॉइल बहुतेक वाचली आहे आणि डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही. तोंडात राखाडी पेस्ट असेल तर व्हॉल्व्ह गेलाच, आणि कॉइलची दुसरी बाजूही पाहायला हवी. परतीच्या मोठ्या पाइपातही वात फिरवावी. कॉम्प्रेसरच्या आतली रीड, म्हणजे पातळ झडप, मोडली की चुरा उलटा फिरून त्या पाइपातही बसतो आणि तिथून नव्या कॉम्प्रेसरमध्ये सर्वांत आधी शिरतो.

कोणता पार्ट बदलायचा आणि कोणता ठेवायचा हे या पाहणीतून ठरतं. तेल स्वच्छ निघालं तर कॉम्प्रेसर, ड्रायर आणि ओ-रिंग एवढ्यावर भागतं. धातूचा चुरा कंडेन्सरमध्ये सापडला तर कंडेन्सर, ड्रायर आणि व्हॉल्व्ह बदलावेच लागतात. कॉइलची पाळी त्यानंतर येते, तीही पुरावा असेल तरच. लांबलचक यादीपेक्षा हा मार्ग स्वस्त आहे आणि नुसत्या कॉम्प्रेसरपेक्षा टिकाऊ.

आता फ्लशिंगचा मुद्दा. पूर्वीच्या कंडेन्सरमध्ये एकच जाड नळी नागमोडी फिरवलेली असायची. तिच्यात एका बाजूने द्रव सोडला तर तो दुसऱ्या बाजूने कचरा घेऊनच बाहेर यायचा. तो अनुभव खरा होता. आजचे कंडेन्सर तसे नाहीत. त्यांत चपट्या पट्ट्या एकमेकींना समांतर असतात आणि प्रत्येक पट्टीत मिलीमीटरभर, कधी त्याहूनही बारीक असे अनेक मार्ग असतात. ठिबक केलेल्या उसाच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. काही तोट्या क्षाराने बुजल्या म्हणून पंपाचा दाब वाढवला, तर पाणी उघड्या तोट्यांतून जास्त पडतं आणि बुजलेल्या बुजलेल्याच राहतात. कंडेन्सरमध्ये फ्लशचा द्रव तसाच मोकळ्या मार्गांतून धावतो. दुसऱ्या टोकाला तो स्वच्छ बाहेर येतो आणि मिस्त्री समाधानाने म्हणतो, ‘बघा, साफ झालं.’ बुजलेल्या मार्गांतून काहीच बाहेर आलेलं नसतं, म्हणून तो स्वच्छ दिसतो. धातूचा चुरा गेलेला समांतर मार्गांचा कंडेन्सर फ्लशिंगने भरवशाने साफ होत नाही. मग तो बदलण्याला पर्याय उरत नाही. फ्लशिंगची जागा मोकळ्या पाइपांत आहे आणि काळजीपूर्वक केलं तर व्हॉल्व्ह काढून कॉइलमध्येही आहे. ड्रायर, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरमधून फ्लश कधीच करायचा नसतो.

फ्लश कशाने करतात हेही पाहायला हवं. पेट्रोल, थिनर, रॉकेल, डिझेल यांतलं काहीही आत गेलं तर ते होजच्या रबराला आणि ओ-रिंगला धरतं, आणि उरलेला थेंब नव्या तेलात मिसळून त्याचं वंगण बिघडवतो. मागून गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा मारली तर त्या टाकीतलं पाणीही आत जातं. फ्लशनंतर पाइप कोरड्या नायट्रोजनने फुंकायला हवेत. नायट्रोजनचा सिलिंडर गळती शोधायलाही लागतो, त्यामुळे तो गॅरेजात असणं ही चैन नव्हे, ते मूलभूत साधन आहे.

व्हॅक्यूमच्या बाबतीतला गैरसमज तर याहूनही घट्ट बसलेला आहे. व्हॅक्यूम पंप हवा काढतो आणि दाब इतका उतरवतो की आतलं मोकळं पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जातं. त्यासाठी पंप पुरेसा वेळ चालवावा लागतो. पण पीएजी तेलाने शोषून धरलेलं पाणी व्हॅक्यूम सहज सोडवू शकत नाही, आणि धातूचा कण, जळकं तेल, टेफ्लॉनची भुकटी यांच्यावर व्हॅक्यूमचा काहीच परिणाम होत नाही. त्यांची वाफ होत नाही, म्हणून ती जागची हलत नाहीत.

कचरा म्हणजे केवळ धातू, हीसुद्धा अपुरी समजूत आहे. चुकीचा गॅस हाही कचराच. बाजारात स्वस्त डब्यांमध्ये प्रोपेन-ब्युटेनची मिश्रणं आर-134एच्या जागी खपवली जातात. ती पेट घेतात. त्यांचा दाब मुद्दाम आर-134एच्या जवळ आणलेला असतो, म्हणून गेजवर ती पकडली जात नाहीत. त्यासाठी गॅस ओळखणारं यंत्रच लागतं. 2011 साली शीतकंटेनरच्या यंत्रांमध्ये आर-134ए म्हणून मिथाइल क्लोराइडची भेसळ असलेला गॅस भरला गेला. त्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवा लागताच पेटणारं रसायन तयार झालं आणि कंटेनरांचे स्फोट होऊन बंदरांतले कामगार मेले. गळती बंद करणारी ‘लीक स्टॉप’ रसायनंही तशीच घातक. दमटपणा मिळाला की ती आतच घट्ट होतात आणि व्हॉल्व्हपासून गॅरेजच्या मशिनपर्यंत सगळं बुजवतात.

आता खर्चाचा मुद्दा, जो सर्वांत मनापासून मांडला जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं जुन्या गाडीचा मालक म्हणतो, तेव्हा त्याची अडचण खरी असते. पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. नुसता कॉम्प्रेसर बदलून तो पुन्हा गेला, तर दुसरा कॉम्प्रेसर, दुसऱ्यांदा गॅस, दुसऱ्यांदा मजुरी आणि गाडी उभी राहिल्याचं बुडालेलं भाडं हे सगळं त्याच माणसाच्या माथी येतं. वर हमीही हातची जाते. ड्रायर बदलला नाही, सिस्टिम साफ केली नाही, तर कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपन्या सहसा हमी नाकारतात. गरीब माणसाला दोनदा खर्च परवडत नाही, म्हणून त्याच्या गाडीची पाहणी तर अधिक काटेकोर व्हायला हवी. खरोखरच पैसे नसतील तर प्रामाणिक सल्ला असा : आज नवा कॉम्प्रेसर बसवू नका. गाडीची रचना चालू देत असेल तर लहान बेल्ट टाकून एसी बंद ठेवा, पैसे जमले की काम एकदाच आणि नीट करा. अर्धवट काम करून घेण्यापेक्षा काम पुढे ढकलणं शहाणपणाचं.

हा विषय येत्या काळात आणखी पसरणार आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झाला आहे. साखर, कागद, दूध आणि एमआयडीसीचा माल वाहणारे ट्रक पुणे-सोलापूर महामार्गावर दिवसरात्र धावतात. त्यांच्या ड्रायव्हरांना उशिरा का होईना, थंड केबिन मिळतेय, ही न्यायाची गोष्ट आहे. ती पहिल्याच बिघाडानंतर कायमची बंद पडू नये. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं तर गणितच वेगळं आहे. त्यांचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्यात साधारणपणे वीज न वाहू देणारं पीओई तेल असतं. आधीच्या गाडीचं पीएजी तेल लागलेला होज किंवा मशिन त्यांना जोडलं, तर ते मिसळून इन्सुलेशन बिघडतं आणि गाडी दोष दाखवून उभी राहू शकते. बऱ्याच गाड्यांत बॅटरीही याच गॅसने थंड होते. तिथे ‘चालतंय तोवर चालू द्या’ हा हिशेब लागू पडत नाही.

गॅसबद्दलही एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. जुना गॅस हवेत सोडून देण्याची सवय बंद झाली पाहिजे. आर-134ए हा कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट तापमानवाढ करणारा वायू आहे. अर्धा किलो सोडला तर 700 किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. पाऊस हुलकावणी देतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या जिरायत भागातल्या माणसांना हवामानाचं महत्त्व वेगळं पटवायला नको.

मिस्त्रींचा एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे : तपासणीचे पैसे कुणी देत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक हा एक ट्रेड, रेफ्रिजरेशन हा दुसरा. गाडीचा एसी या दोघांच्या मधे पडतो, आणि तो शिकून आलेल्या माणसाच्या डोळ्यांची किंमत बिलात कुठेच दिसत नाही. पार्टवर कमिशन मिळतं, पाहणीवर काहीच नाही. मग मिस्त्री पार्टच विकणार. हे बदलायचं तर मालकांनी तपासणीची मजुरी वेगळी द्यायला हवी, मग पुढचं काम तिथे करा अथवा न करा. डॉक्टरांच्या तपासणीची फी देताना आपण घासाघीस करत नाही.

त्या बदल्यात मालकाने बिलावर तीन गोष्टी लिहून मागाव्यात : कॉम्प्रेसर कशाने गेला, त्याचा चुरा कुठवर पोचला आणि तो कसा काढला. कापलेला ड्रायर आणि जुना व्हॉल्व्ह डोळ्यांनी पाहावा. नवा कॉम्प्रेसर किती तेलासह आला आणि त्यातलं किती काढलं, किती ठेवलं, तेही विचारावं, कारण अनेकदा त्यात सगळ्या सिस्टिमचं तेल भरून आलेलं असतं आणि जादा तेल थंडावा मारतं. मिस्त्रींनी या प्रश्नांचा राग मानू नये. ज्याने गाडी उघडून पाहिली आहे त्याला ही उत्तरं तोंडपाठ असतात. आणि ज्याला ती देता येत नाहीत, त्याने त्या गाडीत नवा कॉम्प्रेसर बसवू नये.